मनाचे दुखणे कोणाला दाखवावे?

गेल्या वर्षावासातली गोष्ट आहे. रविवारची वंदना झाली, खीरदान झाले, मंडळी पांगली. आम्ही सतरंज्या गुंडाळत होतो. एक आयुष्मती मात्र विहाराच्या पायरीवर थांबून राहिल्या होत्या. आमच्याकडे लोक येतात ते बहुधा जातपडताळणी, शिष्यवृत्ती नाहीतर रेशनकार्डासाठी. तसेच काही असेल म्हणून आम्ही विचारले, "काय ताई, कुठला कागद अडला?" त्यांनी पिशवीतून चार पावत्या काढून आमच्या हातात दिल्या. एका खाजगी समुपदेशन केंद्राच्या पावत्या होत्या, प्रत्येकी १,५०० रुपयांच्या. ताई म्हणाल्या, "कागद नाही दादा. पोरगी बोलायची बंद झालीय."

ताई चार घरची धुणीभांडी करतात. यजमान कारखान्यातून कमी झाले, आता वॉचमन आहेत. मुलगी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला, हॉस्टेलवर राहणारी. गणपतीच्या सुट्टीत घरी आली ती परत गेलीच नाही. जेवण सुटले, रात्र रात्र जागरण. शेजारणीच्या सांगण्यावरून आईने तिला आधी एका बाबाकडे नेले. हे सांगताना ताईंनी मान खाली घातली, कारण त्यांच्या घरात बावीस प्रतिज्ञांची तसबीर लावलेली आहे. बाबाचा गुण आला नाही, मग कामावरच्या बाईंनी हे केंद्र सुचवले. तिथे मुलीने तिसऱ्या वेळी धीर करून सांगितले, की शिष्यवृत्तीची यादी बोर्डावर लागल्यापासून खोलीतल्या मुली तिच्याबरोबर जेवत नाहीत, तिचा तांब्या कोपऱ्यात वेगळा ठेवतात. समुपदेशक बाई म्हणाल्या, "आता कुठे राहिलीय जात? तुम्ही लोक फार मनाला लावून घेता." चौथ्या वेळी मुलगी तासभर गप्प बसून आली. घरी येऊन म्हणाली, "आई, आता मी कुणाशीच बोलणार नाही."

ताईंना वाटले, आम्ही चळवळीतली माणसे, आम्ही समजावू. आम्हीही त्याच संध्याकाळी गेलो. आणि काय केले? मुलीसमोर बसून अर्धा तास भाषण केले. १९१७ साली बडोद्यात बाबासाहेबांना शिपाई लांबून फाइली फेकत होते, राहायला जागा मिळत नव्हती, तरी ते डगमगले नाहीत, असे सगळे सांगितले. मुलगी खाली मान घालून ऐकत होती. आमचे संपल्यावर म्हणाली, "काका, बाबासाहेब फार मोठे होते. मी नाही हो तेवढी मोठी."

वाचकहो, आम्ही वीस वर्षे सभांतून बोलत आलो आहोत. पण त्या दिवशी आमची बोलतीच बंद झाली. त्या बाईंनी मुलीला सांगितले, की तुझे दुःख खरे नाही. आम्ही सांगितले, की तुझे दुःख छोटे आहे. दोघांनीही तिचे ऐकून घेतले नव्हते.

तथागतांकडे आलेल्या पटाचारेची कथा आपण विहारात अनेकदा ऐकली आहे. नवरा, दोन लेकरे, आईबाप, भाऊ असे सगळे एकापाठोपाठ गेले आणि ती भान हरपून उघडीच रस्त्याने फिरू लागली. लोक तिला वेडी म्हणून हाकलत होते, तिच्यावर कचरा टाकत होते. ती जेतवनात आली तेव्हाही लोकांनी तिला अडवले. तथागतांनी तिला येऊ दिले, बहीण म्हणून हाक मारली, भानावर येण्यास सांगितले. कोणी तरी अंगावरचे वस्त्र तिला दिले. मग तिने आपले दुःख सांगितले आणि तथागतांनी ते ऐकले. उपदेश त्यानंतर. पुढे हीच पटाचारा भिक्खुणी संघात विनयाची मोठी जाणकार झाली. मनाचे दुखणे कोणाला दाखवावे, या प्रश्नाचे अर्धे उत्तर या कथेत आहे. जो आपले सर्व ऐकून घेईल, आपल्याला हाकलणार नाही आणि मग उपाय सांगेल, त्याला दाखवावे. उरलेले अर्धे उत्तर माहितीचे आहे. ती आम्ही डॉक्टरांना विचारून, रांगेत उभे राहून गोळा केली. ती येथे देत आहोत.

कोण काय करतो?

पाटीवर 'मानसिक आरोग्य' लिहिलेले सगळे सारखे नसतात. मनोविकारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएस होऊन पुढे मनोविकारशास्त्रात एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेले डॉक्टर. ते रोगाचे निदान करतात आणि औषध देतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणजे चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ. ते चाचण्या घेतात आणि बोलण्यातून उपचार करतात, गोळ्या देत नाहीत. त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते आणि नोंदणी क्रमांक विचारण्याचा आपल्याला हक्क आहे. मोठ्या रुग्णालयांत या विषयाचे शिक्षण घेतलेले सामाजिक कार्यकर्तेही असतात. ते घरची परिस्थिती समजून घेतात, कुटुंबाशी बोलतात, सरकारी योजनांची माहिती देतात. चौथे समुपदेशक. यांत चांगले शिकलेले पुष्कळ आहेत, पण चार दिवसांचा वर्ग करून पाटी लावणारेही आहेत. म्हणून शिक्षण काय, कुठे झाले, हे विचारावे. किराणा घेताना आपण वजनकाटा बघतो, मग इथे संकोच कशाला?

कोणत्या तक्रारीला कोण?

कानात आवाज येणे, सगळे आपल्या वाईटावर आहेत असा संशय, चार-चार दिवस न झोपता अखंड बडबड आणि उधळपट्टी, अन्नपाणी सुटणे, जीव नकोसा होणे, बाळंतपणानंतर आईला काही सुचेनासे होणे किंवा बाळाचीच भीती वाटणे, अशा वेळी आधी मनोविकारतज्ज्ञाकडेच जावे. येथे नुसत्या बोलण्याने भागत नाही. घरातले कोणी गेल्याचे दुःख, परीक्षेची धास्ती, नवरा-बायकोतला ताण, कामावरचा जाच, यांसाठी मानसशास्त्रज्ञ किंवा शिकलेला समुपदेशक पुरेसा होऊ शकतो. पुष्कळदा दोन्ही लागतात, गोळीही आणि बोलणेही.

दारूचे दुखणे वेगळे आहे. दारू न पिण्याची प्रतिज्ञा आपण १४ ऑक्टोबर १९५६ रोजी घेतली, तरी वस्तीत काय चालते ते सर्वांना माहीत आहे. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरात कोंडून एकदम बंद करू नका. हातपाय थरथरणे, भास होणे, झटके येणे, प्रसंगी जीव जाणे, इतके ते धोक्याचे असते. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवावी. पुण्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून हे काम करीत आहे. जिल्हा रुग्णालयातही याची चौकशी करावी.

फिट येणे हा मेंदूचा आजार आहे, अंगात येणे नव्हे. आणि सतत थकवा, उदासी, रडू येणे असेल तर रक्तही तपासून घ्यावे. अंगात रक्त कमी असले, थायरॉइड बिघडले तरी माणूस असा होतो. आमच्या भगिनी सर्वांना वाढून उरलेले खातात, त्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

कुठे जावे?

खाजगीत गेलेच पाहिजे असे नाही. मुंबईत केईएम, नायर, सायन आणि जे. जे. या रुग्णालयांत मनोविकार विभाग आहेत. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयांत ही सेवा मिळते. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. तेथे बाह्यरुग्ण विभागात दाखवून, औषध घेऊन घरी येता येते. गेलेला माणूस आतच ठेवतात हा गैरसमज आहे.

सरकारी ठिकाणी रांग असते, सकाळी लवकर केसपेपर काढावा लागतो, पहिल्या दिवशी अर्धा दिवस जातो. हे खरे आहे. पण एक गोष्ट लक्षात ठेवा. मोठ्या रुग्णालयांत डॉक्टरांच्या तुकड्यांचे वार ठरलेले असतात. केसपेपरवर लिहिलेला वार पाळलात तर बहुधा त्याच डॉक्टरांचा गट भेटतो, पुन्हा पहिल्यापासून कहाणी सांगावी लागत नाही. जाताना जुन्या चिठ्ठ्या, चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटे आणि तक्रार कधीपासून आहे त्याचे चार ओळींचे टिपण न्यावे.

आणि घरबसल्या विचारायचे असेल तर १४४१६ हा क्रमांक फिरवावा. केंद्र सरकारची 'टेलि मानस' ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. ती मोफत आहे, रात्रंदिवस चालू असते आणि मराठीतून बोलता येते. कोणाकडे जावे हेही तेथे विचारता येते.

पहिल्या भेटीत काय विचारावे?

आपले शिक्षण काय? माझ्यासारखी तक्रार असलेले लोक आपल्याकडे येतात का? उपचाराला साधारण किती दिवस लागतील? फी किती, आणि परवडत नसेल तर काही सवलत आहे का? मी सांगितलेले कोणाला सांगाल का? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही. शेवटच्या प्रश्नाला तो सांगेल, की जिवाला धोका असेल तेव्हाचा अपवाद सोडला तर गुप्तता पाळली जाईल.

मग आपल्या माणसांसाठी आणखी एक प्रश्न आहे, तो विचारायचा नाही, बघायचा आहे. जातीमुळे, वस्तीच्या पत्त्यामुळे, आरक्षणावरून झालेला अपमान एका वाक्यात सांगून पाहा. समोरचा माणूस "मग काय झाले? तेव्हा तुम्हाला काय वाटले?" असे विचारतो, की विषय झटकून टाकतो? ज्याच्यासमोर आपला पत्ता लपवावा लागतो, त्याच्यासमोर आपले दुखणेही अर्धेच सांगितले जाते. आणि अर्ध्या दुखण्यावर पुरे औषध कोण देणार?

डॉक्टर आपल्याच समाजाचा असावा का, असे काही जण विचारतात. तसा मिळाला आणि तुम्हाला मोकळे वाटत असेल तर उत्तमच. पण ती अट करून थांबू नका. काहींना तर उलट ओळखीच्या समाजात गोष्ट फुटेल याचीच धास्ती असते. त्यांनी खुशाल बाहेरचा बघावा. जात कोणती हा मुद्दा नाही, तो ऐकतो कसे हा मुद्दा आहे.

केव्हा बदलावे?

लग्न लावून द्या, सगळे ठीक होईल, असे सांगणारा, गंडा, अंगठी किंवा उपास सुचवणारा, पेशंटला बाहेर बसवून फक्त नवऱ्याशी किंवा आईशी बोलणारा, एकाची गोष्ट दुसऱ्याला सांगणारा, अमुक दिवसांत बरे करण्याची हमी देणारा, डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या परस्पर बंद करायला लावणारा, अंगचटीला येणारा. असा कोणी भेटला तर दुसऱ्या दिवशी जाऊ नये. बाकी ठिकाणी तीन-चार भेटी द्याव्यात. अवघड प्रश्न विचारले म्हणजे डॉक्टर वाईट असे नाही. जखम धुताना झोंबतेच. पण तीन-चार भेटींनंतरही आपले बोलणे पोहोचत नाही असे वाटले तर तसे स्पष्ट सांगावे आणि दुसरा बघावा. चप्पल चावली तर आपण चप्पल बदलतो, चालणे सोडत नाही. ताईंच्या मुलीने नेमके चालणेच सोडले होते.

गोळ्यांविषयी दोन शब्द. उदासीवरच्या बहुतेक गोळ्यांचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात. आठ दिवसांत फरक नाही म्हणून सोडू नका, आणि बरे वाटले म्हणून आपल्या मनाने बंदही करू नका. त्रास झाला तर डॉक्टरांना सांगा, गोळी बदलता येते. शेजारणीची झोपेची गोळी मात्र कधीही घेऊ नये.

विपश्यनेचाही प्रश्न येतो. ध्यान आपल्या धम्माचा ठेवा आहे, त्याने पुष्कळांना शांती मिळते. पण गंभीर मानसिक आजारात दहा दिवसांचे शिबिर हा औषधाला पर्याय नाही. शिबिराच्या अर्जात आजाराची माहिती विचारतात ती याचसाठी. ती लपवू नये, आणि उपचार चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारावे. औषध घेणे हे धम्माच्या विरुद्ध नाही. आजारी भिक्खूची सेवा तथागतांनी स्वतःच्या हाताने केली होती.

कायदा काय म्हणतो?

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ साली झाला आणि २९ मे २०१८ पासून लागू झाला. सरकारी किंवा सरकारी मदतीवरच्या ठिकाणी उपचार मिळणे हा त्यात हक्क आहे, आणि जात, धर्म, लिंग यांवरून भेदभाव करता येत नाही. दारिद्र्यरेषेखालील माणसाला, त्याच्याकडे कार्ड असो वा नसो, शासनाच्या ठिकाणी हे उपचार मोफत आहेत. माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क आहे. रुग्णाला साखळीने बांधायला बंदी आहे. आणि ज्याने जीव देण्याचा प्रयत्न केला त्याला शिक्षा करायची नाही, तो तीव्र तणावात होता असे धरून शासनाने त्याला उपचार द्यायचे, असे हा कायदा सांगतो. तेव्हा पोलिसांच्या भीतीने असे प्रकरण घरात दाबू नका. महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे हाही गुन्हा आहे.

२०१६ साली हैदराबादला रोहित वेमुला गेला. २०१९ साली मुंबईत डॉ. पायल तडवी गेली. आपण मोर्चे काढले, ते योग्यच होते, न्यायाची लढाई लढलीच पाहिजे. पण आमच्या मनात येते, की आजही कुठल्या तरी हॉस्टेलच्या खोलीत आपले मूल जागे असेल. त्याला फोटोला हार घालणारी माणसे नकोत, वेळेवर विचारणारी माणसे हवीत. घरातले मूल "माझा उपयोग काय", "मी नसलेलेच बरे" असे बोलू लागले तर सरळ विचारा, "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्याने तसे मनात भरते ही समजूत चुकीची आहे. उलट ओझे हलके होते. त्याला एकटे सोडू नका, घरातली औषधे आणि विषारी वस्तू दूर करा, १४४१६ ला फोन करा, आणि धोका वाटला तर रात्र असो वा दिवस, जवळच्या रुग्णालयाच्या अपघात विभागात न्या.

ताईंच्या मुलीचे काय झाले?

एक दिवसाची रजा टाकून आम्ही त्या मायलेकींबरोबर महापालिकेच्या रुग्णालयात गेलो. रांगेत तीन तास गेले. निवासी डॉक्टर वयाने लहान होत्या, पण त्यांनी आईला बाहेर बसवून मुलीला आधी झोप, जेवण, पाळी सगळे विचारले, आणि जीव द्यावासा वाटतो का हेही विचारले. मुलगी हो म्हणाली. ते तोवर घरात कोणालाच ठाऊक नव्हते. रक्त तपासले, तेही कमी निघाले. गोळ्या सुरू झाल्या, रात्री आईने तिच्याजवळ झोपायचे ठरले. पुढच्या आठवड्यात तिथल्या सामाजिक कार्यकर्त्या बाईंकडे पाठवले. मुलीने तांब्याची गोष्ट सांगितली. बाई म्हणाल्या, "हे चूक झाले तुझ्याबरोबर. तक्रार करायची की नाही, केव्हा करायची, हे तू ठरव. मी सोबत आहे." एवढेच. मुलगी त्या दिवशी खूप रडली आणि घरी येऊन वरणभात जेवली.

जातीचा जाच हा मुलीचा आजार नव्हता. जाचाने ती आजारी पडली होती. म्हणून उपचार मुलीला आणि जाब जाच करणाऱ्यांना, अशा दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि दोन्ही कराव्या लागतात. तक्रार तिने दोन महिन्यांनी स्वतःच्या हाताने लिहिली. आम्ही फक्त अर्जाचा नमुना दिला. आता ती मावशीकडे राहून कॉलेजला जाते. सगळे मिटले असे नाही. काही दिवस वाईट जातात, गोळ्या चालू आहेत, ठरलेल्या वारी रुग्णालयात जाणे चालू आहे. पण ती बोलते.

तेव्हा महिला मंडळांना आणि विहार समित्यांना आमची विनंती आहे. विहाराच्या फळ्यावर १४४१६ हा आकडा मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. आपल्या जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभाग कोणत्या वारी असतो ते विचारून त्याखाली लिहा. रांगेत सोबत जाऊ शकतील अशी दोन माणसे ठरवा. जखम झालेल्या माणसाला आपण दवाखान्यात नेतो, मन जखमी झालेल्याला भाषण देतो. आम्ही ते केले आहे. तुम्ही करू नका.

जयभीम! नमो बुद्धाय!